एडीएचडीवरील थेरपी: लहान मुले, किशोरवयीन आणि मोठी माणसे यांच्यासाठी ती प्रत्यक्षात कशी करावी

एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे असलेली अवस्था) असलेल्या मुलाला दप्तर रात्रीच भरून ठेवावे हे ठाऊक असते, विचारले तर ते तसे सांगतेही. तरी सकाळी बस गाठण्याच्या गडबडीत कंपासपेटी टेबलावरच राहते. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसालाही प्राप्तिकराचे विवरणपत्र वेळेत भरले नाही तर दंड बसतो याची पूर्ण कल्पना असते, आणि दंड भरण्याची पाळी तरीही येते. कळते पण वळत नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार या अवस्थेला जवळजवळ तंतोतंत लागू पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी हाच मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला आहे: अडचण ज्ञानाची नाही, माहीत असलेली गोष्ट योग्य क्षणी कृतीत आणण्याची आहे. म्हणूनच मदत जिथे काम करायचे असते तिथे आणि त्याच क्षणी हाताशी असावी लागते. आठवड्यातून एकदा तासभर समुपदेशकाच्या खोलीत झालेले बोलणे घरातल्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत, वर्गातल्या बाकापर्यंत किंवा ऑफिसातल्या संगणकापर्यंत पोहोचत नसेल, तर ते कितीही चांगले असले तरी फारसे उपयोगाचे नाही. थेरपी निवडताना आणि ती चालू ठेवताना हीच कसोटी लावावी.

आधी निदान पक्के करा

चंचल मूल म्हणजे एडीएचडी असे समीकरण मांडण्याची घाई शाळाही करतात आणि नातेवाईकही. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या निदान-नियमावलीनुसार अवधानाच्या नऊ किंवा अतिचंचलता व आवेगाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे (वय १७ किंवा अधिक असल्यास पाच) किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. त्यांपैकी काही वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावी लागतात. ती दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसावी लागतात. आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असावा लागतो. त्रास केवळ शाळेत दिसत असेल तर अध्ययन-अक्षमता, ऐकू कमी येणे किंवा चष्म्याचा नंबर, आणि केवळ घरी दिसत असेल तर अपुरी झोप, चिंता किंवा घरातली ओढाताण, अशा शक्यता आधी तपासाव्यात. याउलट खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी, कुणालाही त्रास न देणारी मुलगी वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण तिची अडचण केवळ अवधानाची असते.

रक्ताच्या चाचणीतून किंवा एमआरआयमधून हे निदान होत नाही. ते सविस्तर मुलाखत, पालक व शिक्षक यांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि निरीक्षण यांवरून होते. कॉनर्स आणि व्हँडरबिल्ट या प्रश्नावल्या बऱ्याच ठिकाणी वापरतात; भारतीय मुलांसाठी तयार केलेले इनक्लेन हे साधनही आहे. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली एएसआरएस ही प्रश्नावली असते, पण तिच्या पहिल्या सहा प्रश्नांनी फक्त पुढील तपासणीची गरज आहे का एवढेच कळते, आणि मोबाइलवर ती भरून स्वतःचे निदान करून टाकण्याची जी नवी सवय लागली आहे ती बरी नव्हे. तपासणीला जाताना जुनी प्रगतिपुस्तके जरूर न्यावीत. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वही अपूर्ण', 'वर्गात बडबड करतो' असे शेरे तज्ज्ञाला फार उपयोगी पडतात. तपासणी मोठ्या व्यक्तीची असेल तर आई, वडील किंवा थोरल्या भावंडापैकी कुणी सोबत असावे, कारण आपण दहा वर्षांचे असताना कसे होतो हे आपल्यापेक्षा त्यांना अधिक आठवते.

जायचे कोणाकडे? औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांना, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ यांना असतो. थेरपी आणि मानसशास्त्रीय चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोचण्याचे कारण नाही. 'थेरपिस्ट' किंवा 'कोच' एवढी पाटी कुणीही लावू शकते. खासगी तज्ज्ञाचे शुल्क परवडत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागाची ओपीडी हा पर्याय असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्यातल्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे, आणि पुढील उपचारांसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. सुरुवात कुठून करावी हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

औषध आणि थेरपी

पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हा असतो की थेरपी केली तर औषध टाळता येईल का. उत्तर वयानुसार बदलते. सहा वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचना औषधाआधी पालक-प्रशिक्षण, म्हणजे मुलाशी कसे वागावे हे पालकांना शिकवणे, सुचवतात. सहा वर्षांनंतर औषध आणि वर्तनोपचार दोन्ही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए अभ्यासात सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले १४ महिने उपचार घेत होती. अवधान आणि चंचलता या मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरले. मात्र दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली, आणि चिंता, पालकांशी असलेले नाते अशा बाबतींत त्यांना अधिक फायदा दिसला. थोडक्यात, औषधाने लक्ष टिकू शकते, पण वही कशी लावायची, मित्राशी भांडण झाल्यावर काय करायचे आणि आईचा आवाज चढू नये यासाठी घरात काय बदलायचे, हे औषध शिकवत नाही. एडीएचडीसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते, त्यामुळे दुकानदार चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतो. तो नियमाचा भाग आहे, त्यावरून घाबरून जाऊ नये. ते सुरू करण्याआधी कुटुंबातला हृदयविकाराचा इतिहास डॉक्टरांना सांगावा, आणि नाडी, रक्तदाब, वजन व उंची यांची नोंद वेळोवेळी करून घ्यावी.

काही गोष्टींवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग त्यांत पहिले. संगणकावरच्या 'मेंदूच्या व्यायामां'नी मूल त्या खेळात पटाईत होते, पण गृहपाठ पूर्ण करण्यात त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. लहान मुलाशी एकट्याने गप्पा मारणारी किंवा नुसती खेळातून चालणारी थेरपी भीती, दुःख अशा गोष्टींसाठी उपयोगी पडू शकते. एडीएचडीच्या मूळ अडचणींवर ती पुरेशी नसते.

लहान मुलांची थेरपी: खुर्चीत पालक बसतात

चार ते दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी सर्वांत भक्कम पुरावा पालक-प्रशिक्षणाला आहे. आई-वडिलांनी चूक केली म्हणून हे प्रशिक्षण नसते. एडीएचडी लाडामुळे किंवा शिस्तीच्या अभावाने होत नाही आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण या मुलांना नेहमीपेक्षा अधिक स्पष्ट, अधिक तत्काळ आणि अधिक सातत्याने प्रतिसाद लागतो, आणि चोवीस तास सोबत असणारी माणसे पालकच असतात. साधारण आठ ते बारा बैठकांत क्रमाक्रमाने हे शिकवले जाते.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. घटनेच्या आधी काय झाले, मुलाने काय केले, आणि त्यानंतर आपण काय केले, असे तीन रकाने आखावेत. आठवड्याच्या शेवटी नजर टाकली की बहुतेक घरांत एकच नमुना दिसतो: मूल शांतपणे चित्र काढत असते तेव्हा कुणाचेच लक्ष नसते, आणि त्याने भिंतीवर रेघ ओढली की सगळे घर धावून येते.

दुसरी पायरी रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या खेळाची. खेळ मुलाने निवडायचा, पालकाने सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचे तर मुळीच नाही. मुलाला दिवसभर टोकणे ऐकावे लागत असेल तर बक्षिसे आणि नियम यांना काही अर्थ उरत नाही, म्हणून ही पायरी गाळून थेट बक्षिसांच्या तक्त्याकडे वळू नये. त्यानंतर शाबासकी. 'गुड बॉय' पुरत नाही. 'मी एकदाच सांगितले आणि तू लगेच चप्पल जागेवर ठेवलीस' असे नेमके, आणि लगेच, सांगावे लागते.

मग आज्ञा देण्याची पद्धत. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेल्या चार कामांपैकी या मुलांच्या हाती एखादेच लागते. जवळ जावे, नाव घेऊन नजर मिळवावी, एका वेळी एकच काम सांगावे, ते प्रश्नाच्या रूपात विचारू नये ('आंघोळीला जातोस का?' याचे उत्तर 'नाही' असेच येणार), आणि सांगून झाल्यावर काही क्षण गप्प थांबावे. थांबणे हेच सर्वांत अवघड जाते.

यानंतर ठिपक्यांचा तक्ता. सुरुवातीला दोन-तीनच कामे घ्यावीत, आणि त्यांतले एक तरी मूल आजच करू शकते असे असावे. काम झाल्यावर त्याच मिनिटाला ठिपका, आणि ठिपक्यांच्या मोबदल्यात त्याच दिवशी काही मिळायला हवे: जास्तीची गोष्ट, खाली खेळायला वीस मिनिटे, रात्रीच्या जेवणातला एक पदार्थ निवडण्याचा हक्क. 'महिनाभर नीट वागलास तर सायकल' हे या मुलांसाठी फार लांबचे आश्वासन असते. तक्ता दोन-तीन आठवड्यांत मुलाला कंटाळवाणा होतो. ते अपयश नसून अपेक्षितच असते, बक्षिसे बदलावीत. किरकोळ कुरबुरीकडे दुर्लक्ष करावे, आणि मारणे किंवा वस्तू फोडणे यांसाठी आधी ठरवलेली, छोटी आणि लगेच संपणारी शिक्षा असावी. मारहाणीने यातले काहीच साधत नाही.

गृहपाठाच्या वेळी हे सगळे कसे एकत्र येते ते पाहा. तिसरीतला मुलगा संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये वही उघडून बसतो. समोर टीव्हीवर मालिका, मागे कुकरच्या शिट्ट्या, पानावर वजाबाकीची वीस गणिते. दोन गणिते होतात, मग पेन्सिलला टोक काढणे, मग पाणी, मग आईचा आवाज, मग रडणे, आणि नऊ वाजता अर्धे पान. थेरपिस्टने सुचवलेले बदल साधे असतात. टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि त्या अर्ध्या तासात घरात कुणीच टीव्ही लावायचा नाही. टोक काढलेल्या तीन पेन्सिली आणि पाण्याची बाटली आधीच टेबलावर. खालची पंधरा गणिते कोऱ्या कागदाने झाकायची, पाचच उघडी. टायमर दहा मिनिटांवर. पाच झाली की एक ठिपका, उठून दोन मिनिटे उड्या, मग कागद खाली सरकवायचा. आईने शेजारी बसून स्वतःचे काही वाचावे, गणिते सोडवून देऊ नयेत. पहिल्या आठवड्यात वीसपैकी दहा गणिते झाली तरी तेवढ्यावर थांबावे, आणि शिक्षकांशी बोलून तेवढीच स्वीकारायला सांगावे.

एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आईने ठिपक्यांवर ठरवलेली मोबाइलची वीस मिनिटे आजोबा सकाळीच प्रेमाने देऊन टाकतात, आणि तक्त्याचा जोर संपतो. त्यांना दोष देत बसण्यापेक्षा निदान दोन बैठकींना आजी-आजोबांना सोबत न्यावे आणि ठिपका देण्याचे एखादे काम त्यांच्याकडेच सोपवावे. वडील सर्व बैठकींना गैरहजर असतील तर थेरपिस्टने ते खपवून घेऊ नये.

शाळेसाठी दैनिक नोंदकार्ड हे साधन चांगले. कार्डावर दोन-तीन नेमकी उद्दिष्टे ('फळ्यावरचे पूर्ण लिहून घेतले', 'हात वर करून बोलला') आणि त्यांपुढे हो किंवा नाही. कार्ड घरी येते आणि त्यावर ठिपके मिळतात. सुरुवातीची उद्दिष्टे इतकी सोपी असावीत की मूल बहुतेक दिवशी यशस्वी होईल. पन्नास-साठ मुलांच्या वर्गातल्या शिक्षिकेकडे तासातासाला नोंद मागणे अव्यवहार्य आहे. मधल्या सुट्टीआधी एक खूण आणि शाळा सुटताना एक, एवढेच मागावे. मिळण्याची शक्यता वाढते. पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर जागा आणि वह्या वाटण्यासारखी उठायची कामे याही विनंत्या सहज मान्य होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील २१ प्रकारांत एडीएचडीचे नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचे आहे, आणि या दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच मुलात असतात. म्हणून वाचन, लेखन किंवा गणितात वेगळी अडचण दिसत असेल तर ती चाचणीही करून घ्यावी. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणाहून मिळालेल्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात.

किशोरवय: करार मुलाशीच

तेराव्या-चौदाव्या वर्षी ठिपक्यांचा तक्ता मुलाला अपमानास्पद वाटतो, आणि त्याचे म्हणणे खरेच असते. या वयात थेरपी मुलाच्या संमतीशिवाय चालत नाही, त्यामुळे पहिल्या बैठकीत त्याला स्वतःला काय हवे आहे हे विचारावे. 'गुण वाढावेत' हे पालकांचे उद्दिष्ट असते; त्याचे उद्दिष्ट 'बाबांनी रोज ओरडू नये' किंवा 'संघातून काढू नये' असे असू शकते, आणि तिथूनच सुरुवात करावी. खोलीतले बोलणे घरी सांगितले जाणार नाही, मात्र जिवाला धोका असेल तर सांगावे लागेल, हे थेरपिस्टने दोघांसमोर स्पष्ट करावे. बैठकीचा बहुतेक वेळ मुलासोबत एकट्याने आणि शेवटची दहा मिनिटे पालकांसह, ही विभागणी बरी पडते.

कामाचा मुख्य भाग वेळ आणि वस्तू यांचे नियोजन शिकवण्याचा असतो. एक उपयुक्त सराव असा: प्रत्येक कामाआधी किती वेळ लागेल याचा अंदाज लिहायचा, मग घड्याळ लावून मोजायचे. इतिहासाच्या धड्याला 'वीस मिनिटे' लिहिलेले असते आणि लागतात पन्नास. दोन आठवड्यांत मुलाला स्वतःच ते दिसते, कुणी सांगावे लागत नाही. दहावीचे वर्ष, शाळा आणि क्लास अशी दुहेरी धावपळ असेल तर परीक्षेच्या तारखेपासून उलटे मोजत आठवड्याचे काम ठरवावे, आणि दर रविवारी संध्याकाळी पालकांसोबत पंधरा मिनिटे ते तपासावे. रोज तपासू नये. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हे इच्छाशक्तीवर विसंबण्यापेक्षा खात्रीचे. घरातल्या भांडणांसाठी प्रश्न सोडवण्याची पद्धत शिकवली जाते: एकच मुद्दा घ्यायचा, दोघांनी पर्याय लिहायचे, एक निवडून आठवडाभर करून पाहायचा, मग पुन्हा बसायचे.

या वयातले दोन धोके वेगळे सांगायला हवेत. एडीएचडी असलेल्या तरुणांमध्ये वाहन-अपघात आणि व्यसन यांची जोखीम अधिक असते, म्हणून दुचाकी हातात देण्याचा निर्णय वयावर नव्हे तर वागण्यावर ठरवावा. आणि वर्षानुवर्षे 'आळशी' ऐकलेल्या मुलाच्या मनात स्वतःविषयी जे साचलेले असते ते नैराश्याकडे नेऊ शकते. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही बोलणे, स्वतःला इजा करणे दिसले तर अभ्यासाचे नियोजन बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

मोठ्यांची थेरपी

मुलाची तपासणी चालू असताना प्रश्नावली भरता भरता आई किंवा वडिलांना स्वतःचेच वर्णन वाचल्यासारखे वाटते. मोठेपणी निदान होण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे. मोठ्यांसाठी बोधनात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवयी दोन्ही बदलायला शिकवणारी सीबीटी, याचा पुरावा चांगला आहे. स्टीव्हन सॅफ्रेन यांच्या २०१० सालच्या अभ्यासात औषध घेऊनही लक्षणे शिल्लक असलेल्या ८६ प्रौढांपैकी सीबीटीच्या १२ बैठका घेतलेल्यांना विश्रांतीची तंत्रे शिकलेल्यांपेक्षा अधिक फायदा झाला. त्याच वर्षी मेरी सोलँटो यांनी १२ आठवड्यांच्या गटातूनही असाच परिणाम दाखवला. गट कमी खर्चाचा पडतो, आणि आपल्यासारखेच आणखी दहाजण असतात हे पाहण्याचा आधार वेगळाच.

पहिल्या बैठकींत एक दिनदर्शिका आणि एकच यादी, एवढेच ठरते. चार ॲप आणि पाच वह्या असतील तर त्या बंद कराव्यात. दिनदर्शिका दिवसातून ठरलेल्या दोन वेळी पाहायची, आणि ती वेळ आधीच असलेल्या सवयीला जोडायची: सकाळचा चहा, रात्री फोन चार्जिंगला लावणे. पुढच्या बैठकींत कामाचे तुकडे पाडणे येते. 'विवरणपत्र भरणे' हे काम नव्हे, ती दहा कामांची मोळी आहे. यादीत 'शनिवारी ११ वाजता संकेतस्थळावर लॉग इन करणे' एवढेच लिहावे, आणि तेवढे झाले तर काम झाले असे मोजावे. काम करताना मध्येच आठवलेल्या गोष्टी शेजारच्या कागदावर टिपून पुढे जावे. त्यांच्यामागे लगेच उठू नये. कुणी शेजारी किंवा व्हिडिओ कॉलवर स्वतःचे काम करत बसले असेल तर कंटाळवाणे काम सुरू करणे अनेकांना सोपे जाते.

विचारांवरचे काम यानंतर येते. 'शेवटच्या क्षणाचा ताण आल्याशिवाय माझ्याकडून होतच नाही' किंवा 'आता अर्धाच तास आहे, त्यात काय होणार' असे विचार कामापासून सुटका देतात म्हणून पटतात. थेरपिस्ट ते वादाने खोडत नाही. त्या अर्ध्या तासात काय होते ते प्रत्यक्ष करून पाहायला सांगतो.

संसारात या अवस्थेचा भार जोडीदारावर पडतो. आठवण करून देणारी पत्नी हळूहळू नवऱ्याची आई होऊन बसते, आणि दोघांनाही ते नकोसे होते. एक-दोन बैठका जोडीने घ्याव्यात, आणि बिले भरणे, शाळेचे व्हॉट्सॲप गट पाहणे अशी कामे नावानिशी वाटून घ्यावीत. आठवण करण्याचे काम माणसाने नव्हे, फोनच्या गजराने करावे. उलट बाजूही असते: सगळ्या घराचे वेळापत्रक जिच्या डोक्यात असावे अशी अपेक्षा असते, त्या बाईलाच एडीएचडी असेल तर तिचा विसराळूपणा घरी हयगय म्हणून मोजला जातो.

थेरपी चालते आहे का, हे कसे ओळखावे

पहिल्याच भेटीत विचारावे: एडीएचडी असलेल्या या वयाच्या किती व्यक्तींसोबत काम केले आहे, घरी काय करायला देणार, शाळेशी बोलणार का, आणि प्रगती कशी मोजणार. चार-पाच बैठकांनंतरही घरी करण्यासारखे काहीच हाती आले नसेल तर थेट विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर बदलावे. सुरुवातीला दोन-तीन मोजता येणाऱ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात, जसे आठवड्यात किती दिवस गृहपाठ रडारडीशिवाय झाला, किती सकाळी वेळेत घर सोडले. आठ-दहा आठवड्यांनी तेच पुन्हा मोजावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी तरतूद करावी लागते, तरी रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा खर्च आपल्या पॉलिसीत बसतो का हे आधी लेखी विचारून घ्यावे.

घडी बसली की बैठका आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्याव्यात, पण फाइल बंद करू नये. पाचवीत शाळा बदलणे, अकरावी, वसतिगृह, पहिली नोकरी, पहिले मूल, अशा वळणांवर आधीची व्यवस्था कोलमडते, कारण तिला आधार देणारी माणसे आणि जागा बदललेल्या असतात. त्या वळणाच्या महिनाभर आधीच दोन-तीन बैठका ठरवून घ्याव्यात. शाळकरी मुलाच्या बाबतीत जूनमध्ये नवे वर्ग सुरू होण्यापूर्वी एका पानावर मुलाला काय जमते, काय अडते आणि गेल्या वर्षी वर्गात कशाचा उपयोग झाला एवढे लिहून, नोंदकार्डाचा एक नमुना जोडून, ते पान नव्या वर्गशिक्षिकेच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्यावे.